याकीम काय म्हणाला

प्रिय क्लेओन,

तुझा निरोप मिळाला. प्रभूला पाहिलेली माणसं अजून आहेत, मग त्याचं चरित्र लिहायची घाई कशाला, असं विचारतोस. पुतेओली बंदराच्या गोदामात धान्याच्या पोत्यांवर बसून तुला तसं वाटत असेल. इथे रोममध्ये, आपल्या गल्लीत, प्रभूला डोळ्यांनी पाहिलेला एकटा याकीम होता. त्याला आपल्या लोकांच्या धरपकडीत नेलं आणि तो आता परत यायचा नाही. आठवणी सांगायला उरलाय सेव्हेरुस. त्याने प्रभू तर सोडच, प्रभूच्या मुलखातला गालीलचा समुद्रही पाहिलेला नाही.

आपल्या मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख, झाल्यापासून त्याची जीभ फारच सैल सुटली आहे. परवा भाकर मोडायच्या आधी सांगत होता, प्रभूला पकडायला शिपाई आले तेव्हा शिष्य कसे छाती काढून उभे राहिले. मी उठलेच. म्हटलं, "याच बाकावर बसून याकीम सांगायचा, आम्ही सगळे पळालो, आणि मी सगळ्यांच्या पुढे." सेव्हेरुस गोड आवाजात म्हणाला, "आजीबाई, या वयात आठवण दगा देते." मी म्हटलं, "माझी निदान दगा तरी देते. तुझी तर आत्ता इथे, आमच्यासमोर जन्माला आली." ऐकणाऱ्यांतले दोघे हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. जन्मभर धन्याच्या पोरांना मी अक्षरं शिकवली, तुलाही शिकवली. कोण आठवून बोलतो आणि कोण ठोकून देतो, हे मला अजून कळतं.

नुसत्या बढाईचा मला इतका राग आला नसता. धरपकडीत "आम्ही यांच्यातले नाही" म्हणून ज्यांनी जीव वाचवला, त्यांना सेव्हेरुसने दाराबाहेर ठेवलंय. लोकर धुणारी क्लोरिस त्यांतलीच. दर प्रभुवारी आम्ही जमलो की तान्ह्याला कडेवर घेऊन ती गल्लीत उभी राहते आणि आतलं गाणं बाहेरून ऐकते. शिपाई अजून फिरताहेत, कालच शेजारचं दार ठोकून गेले. तिथे उभं राहणं म्हणजे आपल्या हाताने बेडी मागून घेणं, तरी ती हलत नाही. तिला भाकर नेऊन दिली तर सेव्हेरुस मला म्हणाला, "पहिले शिष्य डगमगले नाहीत, मग यांना माफी कसली?" येत्या प्रभुवारी तो या सगळ्यांना कायमचं दार लावणार आहे.

म्हणून लिही. याकीमची भाषा इथे तुझ्याशिवाय कुणालाच येत नव्हती. तो बोलायचा आणि तू शेजारी उभा राहून आम्हाला ग्रीकमध्ये सांगायचास. आमच्याकडे जे आहे ते तुझ्या तोंडून आलेलं, त्याच्या तोंडचं फक्त तुझ्याकडे आहे. शिष्य झोपले, भांडले, पळाले, सगळं लिही. आणि मेलेला प्रभू उठल्यावर त्या पळपुट्यांकडेच कसा आला, न रागावता खायला काय आहे ते कसं विचारलं, तेही. आधी तेवढी पळाल्याची रात्र लिहून तेलाच्या बोटीच्या तांडेलाकडे दे, तो आपला माणूस आहे. बाकीचं चरित्र सावकाश लिही. मंडळीत मीच उभी राहून वाचीन. मला खाली बसवायचं असेल तर सेव्हेरुसला उचलून बसवावं लागेल.

आता जे लिहायचं मी इतका वेळ टाळत होते ते लिहिते. याकीमला नेलं त्या सकाळी मी हौदाशी हंडा भरत होते, तुला दिसले नाही. शिपायाने तुला विचारलं, "हा म्हातारा काय बडबडतोय? तुला कळतं का याचं बोलणं?" तू म्हणालास, "नाही. मी याला ओळखतही नाही." तेव्हा याकीमने मान वळवली, तुझ्याकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी बोलला, आणि ते त्याला घेऊन गेले. तुझ्या आईलाही मी हे सांगितलं नाही. तू पुतेओलीला का पळालास आणि लेखणी का धरत नाहीस, हे तेव्हापासून मला ठाऊक आहे. तो काय म्हणाला ते मी विचारणार नाही. पण त्याचा चेहरा मी पाहिला, क्लेओन. शिव्या देणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. त्याचे ते शब्द आता जगात एकट्या तुझ्याकडे आहेत, आणि क्लोरिस दाराबाहेर उभी आहे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
रुफिना मावशी