छायाचित्रात दिसतात तशा खिडक्या

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने वास्तुविशारद, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि कोणाचाही सल्ला न ऐकता लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला छातीच्या डॉक्टरांनी दिला आहे. दाखल्यात ‘स्वभाव वगळता’ असे लिहायचे राहून गेले, असे ते नंतर म्हणाले. तेही मी इथे नोंदवते, म्हणजे उद्या कोणी तो मुद्दा नवा म्हणून काढणार नाही. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी याहून सौम्य होती.

वकीलबाईंचे म्हणणे असे की मृत्युपत्रात मिळकतीचे वर्णन असावे, रागाचे नसावे. पण माझा राग वडिलोपार्जित नाही, स्वकष्टार्जित आहे. त्यामुळे त्याची वाटणी करण्याचा मला कायद्याने पूर्ण अधिकार आहे असे मी समजते.

कलम १. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. जन्मभर सिमेंटची धूळ खाऊनही माझी फुप्फुसे धड आहेत. विद्यार्थ्यांना ती बघायला आवडतील. शोकसभा घेऊ नये. घ्यायचीच झाली तर खिडक्या उघडता येतील अशा सभागृहात घ्यावी. या शहरात तसे सभागृह उरलेले नाही, तेव्हा शोकसभा आपोआप टळेल.

कलम २. माझा ड्रॉइंग बोर्ड, पट्ट्या, कंपासपेटी आणि सुती धाग्याची रिळे सुतारांना द्यावीत. माझ्या इमारतींच्या बहुतेक खिडक्या त्यांनी एकहाती केल्या आणि त्या करताना माझ्याशी जितके भांडले तितके घरचेही भांडले नसतील.

रिळे कशाला, ते सांगते. आमच्या ऑफिसात एक रीत होती. भिंती उभ्या राहिल्या की खिडक्या बसवण्याआधी प्रत्येक मोकळ्या चौकटीत एक धागा लटकवायचा आणि दिवसभर तिथे बसून तो कसा हलतो ते पाहायचे. कागदावर वारा हवा तिकडून आणता येतो. बाण काढला की झाले. जागेवर तो आपल्या मर्जीने येतो. धागा हलला नाही की मी चौकट सरकवून घेत असे. एका मालकाने मला विचारले होते, “बाई, हा काय जादूटोणा चाललाय?” मी म्हटले, “तुमच्या बायकोला स्वयंपाकघरात खोकला येऊ नये म्हणून चाललाय.” त्यांनी ते काम माझ्याकडून काढून घेतले. त्यांच्या बायको मात्र पुढे कुठेही भेटल्या की थांबून बोलत.

चौकटी सरकल्या की माझ्या भागीदारांच्या नाकाला मिरच्या झोंबत, कारण बाहेरून खिडक्या एका ओळीत दिसत नसत. त्यांना सगळीकडे सपाट काच हवी असे, म्हणून ऑफिसातले सगळे त्यांना पाठीमागे ‘काचवाले’ म्हणत. मीही इथे तेच म्हणते.

कलम ३. माझ्या अंगणातले दगडी बाक महापालिकेच्या नगररचना विभागाला द्यावे. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यापर्यंत सावलीतून चालत जाता यावे, दम लागला तर टेकता यावे, असा एक रस्ता मी आखला होता. दोन्ही बाजूंना झाडे लावली, सावली पडेल तिथे बाके ठेवली. दुसऱ्याच वर्षी विभागाने बाके उखडली. कारण विचारले तर साहेब म्हणाले, “तक्रारी आल्या, मॅडम. लोक बसतात.” त्यातले एक बाक मी भंगारवाल्याकडून सोडवून आणले. ते साहेबांच्या दालनाबाहेर ठेवावे. तिथे लोकांना फार वेळ ताटकळत उभे राहावे लागते.

कलम ४. कपाटातली ‘निरोगी इमारत’ पुरस्काराची ढाल काचवाल्यांना द्यावी. ती काचेचीच आहे.

हा पुरस्कार आम्हाला छातीच्या रोग्यांच्या रुग्णालयासाठी मिळाला. त्या इमारतीत प्रत्येक वॉर्डला समोरासमोर खिडक्या आहेत आणि छताजवळ झरोके आहेत. खाटेवर पडलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जातो, तोंडावर येत नाही. त्या कामात मी माझे सगळे शहाणपण ओतले होते. पुरस्कार घेताना मला अभिमान वाटला होता आणि आजही त्याची लाज वाटत नाही.

पण निकालाआधी फोटो काढायचे होते. काचवाले म्हणाले, “उघड्या खिडक्या म्हणजे दात पडलेलं तोंड. बंद करा सगळ्या.” माझी मुलगी नुकतीच ऑफिसात रुजू झाली होती. मी रस्त्याच्या कामावर होते. तिने मजल्यामजल्यावर जाऊन सगळ्या खिडक्या बंद केल्या, पडदे सारखे केले, आणि फोटो फारच देखणा आला. तो मासिकाच्या मुखपृष्ठावर छापला गेला. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी तो मोठा करून सभागृहात लावला.

मग विश्वस्तांना चिंता पडली की आता या इमारतीला जपायचे कसे. त्यांनी आमच्याकडे देखभालीचे नियम मागितले. ऑफिसातून नियम गेले. त्यातला पहिला असा: ‘इमारत पुरस्काराच्या छायाचित्रात दिसते तशी राखावी.’ खाली सही माझ्या मुलीची. विश्वस्त मोठे आज्ञाधारक निघाले. छायाचित्रात खिडक्या बंद होत्या, म्हणून त्यांनी त्या स्क्रू मारून बंद केल्या. हवेसाठी यंत्रे बसवली. ती बिघडली की महिनोन्‌महिने तशीच पडून राहत. निरोगी इमारतीचा मान टिकवण्यासाठी तिचा श्वास कोंडायचा, ही अक्कल अडाणी माणसाला सुचणार नाही. त्याला पदव्या लागतात.

मला हे कळले ते माझे पती त्या वॉर्डात दाखल झाले तेव्हा. त्यांना मी ‘हे’ म्हणत असे आणि पुढेही तसेच लिहिते. यांना न्यूमोनिया झाला होता. यंत्र बंद होते. वॉर्डात औषधांचा आणि घामाचा वास साचून राहिला होता. मी परिचारिकेला म्हटले, “सिस्टर, ती खिडकी जरा उघडता का?”

“नाही हो, मॅडम. पुरस्कारवाली बिल्डिंग आहे ही. खिडकी उघडायची परवानगी नाही.”

“ही बिल्डिंग मी बांधलीय.”

“असेल हो. पण अर्ज ऑफिसात द्यावा लागेल.”

त्या बिचारीचा काही दोष नव्हता. मी अर्ज दिला. विश्वस्तांनी तो अभिप्रायासाठी आमच्याच ऑफिसात पाठवला. हे काचेकडे बघून मला म्हणाले, “जाऊ दे गं. दिसायला तरी छान आहे.” अभिप्राय येण्याआधी हे गेले.

छातीचे डॉक्टर आमचे जुने स्नेही. ते म्हणतात, खिडकी उघडी असती तरी फरक पडला नसता, ते तसेही गेले असते. गेले असते. पण मी यांना जो वारा देऊ शकत होते तो तरी यांना मिळाला असता.

कलम ५. माझी बँकेतील सर्व शिल्लक त्या रुग्णालयाला द्यावी, ती फक्त खिडक्यांचे स्क्रू काढून बिजागऱ्या नव्या बसवण्यासाठी. हे काम सुतारांनी करावे. विश्वस्तांनी छायाचित्राचा मुद्दा काढल्यास त्यांना उघड्या खिडक्यांचे नवे छायाचित्र काढून, मोठे करून द्यावे. त्याचा खर्चही याच शिलकीतून करावा. कोणती इमारत जपायची हे त्यांना चित्र पाहिल्याशिवाय समजत नाही.

~~कलम ६. राहते घर, अंगण आणि झाडांसह, वास्तुकला महाविद्यालयाला द्यावे. माझ्या मुलीला या घरात काहीही हिस्सा नाही. हे मी विसरून लिहिलेले नाही.~~

~~घराची हकीकत अशी. मुलगी लहान असताना आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. मागची भिंत बारा महिने ओली असे. तिला दमा जडला. झोपेत तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजे आणि मी ती ऐकत बसत असे. डॉक्टर म्हणाले, “औषध देतो, पण तुम्ही वास्तुविशारद ना? मग खोली बदला की.” तोवर मी बँकांची प्रवेशद्वारे आणि दुकानांच्या पाट्या काढत होते. त्या दिवसापासून मी माणसाच्या श्वासासाठी बांधायला शिकले. मला कोणी शिकवले नाही, कारण कोणाला येत नव्हते. पहिली इमारत हे घर. तिची खोली पूर्वेला घेतली, भिंतींना चुन्याचा गिलावा केला, गालिचे आणि जड पडदे कधी आणले नाहीत. दोन वर्षांत शिट्टी थांबली.~~

~~ज्या मुलीसाठी मी खिडकी उघडायला शिकले, तिने खिडक्या बंद करण्यावर सही केली. हे गेल्यावर ती काचवाल्यांची भागीदार झाली आणि मी ऑफिस सोडले. तेव्हापासून आमचे बोलणे पाणीपट्टी भरली का आणि गोळ्या घेतल्या का, एवढ्यावर आले आहे. घर तिला देणे माझ्या जिवावर येते, म्हणून देत नाही.~~

~~या मृत्युपत्रावर एक साक्षीदार म्हणून तिनेच सही करावी. जिला काही मिळणार नाही तिची साक्ष कायद्याला चालते. वकीलबाई म्हणाल्या, “हे फार होतंय.” मी म्हटले, होऊ दे.~~

इथपर्यंतचा मजकूर टंकलिखित आहे. कलम ६ मी स्वतः रेघ मारून रद्द केले आहे. वकीलबाई पाने नव्याने टाइप करून देत होत्या. मी नको म्हटले. खोडलेले वाचता यावे. पुढचे माझ्या हाताने लिहिते.

आज सही करायला मुलगी आली. जिना चढून दारातच थांबली. मला वाटले, रागाने बोलत नाही. मग तिच्या छातीतली शिट्टी ऐकू आली; तिने पर्समधून दम्याचा पंप काढला, ओढला आणि खुर्चीवर बसली.

“हे कधीपासून?” मी विचारले.

“झाली तीन-चार वर्षं.”

“मला बोलली नाहीस.”

“बोलून काय? तू माझ्याशी कुठे बोलली असतीस, आई. खिडकीशी बोलली असतीस.”

वकीलबाई उगाच कागद सारखे करू लागल्या.

“ऑफिसात उघडते का खिडकी?”

“बघ. आलीस शेवटी तिथेच.” ती थोडी हसली. मी हसले नाही.

मग तिने सगळे वाचायला घेतले. एकही पान गाळले नाही. रुग्णालयाच्या कलमापाशी थांबून म्हणाली, “बाबांचं लिहिलंयस ते खरंय. ‘कर सही,’ म्हणाले काचवाले, मी केली. वाचलंसुद्धा नव्हतं नीट. रोज आठवतं.” तिने पुढे वाचले, आपल्यावर लिहिलेलेही सगळे वाचले, आणि विचारले, “बरं. साक्षीदाराची सही कुठे करू?”

ती पूर्वेच्या खिडकीशी बसली होती. वाचता वाचता तिच्या छातीतली शिट्टी थांबली होती. तिच्या ते ध्यानातही आले नाही. मला कळले, कारण ती शिट्टी ओळखणारे आता या जगात दुसरे कोणी नाही. मी तिच्या हातातून पेन काढून घेतले.

कलम ७. राहते घर, अंगण आणि झाडांसह, माझ्या मुलीला द्यावे. तिने ते ठेवावे, विकावे, पाडावे किंवा काचेने मढवावे. कोणतीही अट नाही. अटी घालून राखलेल्या इमारतींचे काय होते ते मी पाहिले आहे. एवढीच विनंती की तिने आजपासूनच इथे झोपायला यावे, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

मी तिला माफ केलेले नाही. वकीलबाई म्हणतात, असे वाक्य मृत्युपत्रात शोभत नाही. न शोभो. घर देणे आणि माफ करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यातले एकच मला जमले.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले.

ठिकाण: राहते घर, पूर्वेची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: छातीचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: सुतार (सही). यांना माझ्याकडून कलम २ प्रमाणे वस्तू मिळणार होत्या. सही करता यावी म्हणून त्यांनी त्या नाकारल्या आहेत. त्या वास्तुकला महाविद्यालयाला द्याव्यात.

शेरा: साक्षीदार २ म्हणून आधी टाइप केलेले ‘माझी मुलगी’ हे शब्द मी खोडले आहेत. जिला घर मिळते तिची साक्ष चालत नाही. (सही)