बूमखाली कोण उभं राहणार

२ मार्च, सकाळ
आजपासून अभ्यास. कारखान्याचे क्रेन सुपरवायझर महिनाअखेरीस रिटायर होतायत. त्यांच्या जागेसाठी २३ तारखेला तोंडी परीक्षा. मी अर्ज ठोकून दिलाय. जन्मभर स्टोअरमध्ये नटबोल्ट आणि हातमोजे वाटत बसायचं नाही. विषय एकच, मोमेंट ऑफ फोर्स, म्हणजे टेकूभोवती वस्तू फिरवणारा जोर. फोर्स गुणिले अंतर, संपलं. पुस्तक दोनदा उघडून मिटलं, पण ते चष्मा पुसायचा होता म्हणून.

बायको शाळेत विज्ञान शिकवते. शिकवू का, असं विचारत होती. म्हटलं, काही गरज नाही.

४ मार्च
पहिली पाच गणितं सोडवली. पाचही बरोबर! सहाव्यात फोर्सचा बाण तिरका काढलाय. दहा न्यूटनचा फोर्स, दोन मीटरचा दांडा, कोन तीस अंश. माझं उत्तर वीस. पुस्तकाच्या मागे दहा. छपाईची चूक. सातवं, आठवं, नववं, सगळीकडे बाण तिरके आणि सगळीकडे छपाईची चूक. प्रकाशकाला कळवायला हवं.

तिरका बाण दिसला की तळहाताला घाम फुटतो. पंखा दुरुस्तीला टाकणे.

७ मार्च, संध्याकाळ
प्रॅक्टिकल केलं. दार म्हणजे मोमेंटचं साक्षात उदाहरण, बिजागरी हा टेकू. दार अर्धवट उघडं ठेवलं, कडेला दोन्ही हात लावले आणि सरळ बिजागरीच्या दिशेने रेटलं. फोर्स माझा पूर्ण, अंतर दाराच्या रुंदीएवढं, म्हणजे मोमेंट प्रचंड. दार तसूभर हललं नाही. निष्कर्ष: बिजागरी गंजली.

तेल घातलं. पुन्हा रेटलं, तोंड लाल होईपर्यंत. तेवढ्यात ही आतून आली, एका बोटाने दार लोटलं आणि निघून गेली. तेल लागू पडायला वेळ लागतो.

१० मार्च
क्रेनचा ऑपरेटर, ज्याला सगळे गरुड म्हणतात, तो हातमोजे घ्यायला आला. म्हणाला, साहेब, तुम्ही आलात तर बरंच होईल, निदान ओळखीचं माणूस. बूम, म्हणजे क्रेनचा तो लांब हात, किती झुकवायचा आणि त्याला किती वजन लावायचं हे तुम्ही ठरवून सही करणार. तुमची सही झाली की आम्ही डोळे मिटून उचलणार. मग सहज सांगितल्यासारखं म्हणाला, खाली हूक लावायला माझा धाकटा भाऊ असतो.

मी हसलो. त्याला हातमोजे दोन्ही डावेच दिले, असं नंतर कळलं.

११ मार्च
सुट्टी टाकली. अंगात कणकण. थर्मामीटर म्हणतो ताप नाही. थर्मामीटर जुना आहे.

१५ मार्च
जेवण जात नाही. वजन कमी करायचंच होतं.

ही ताटासमोर पट्टी घेऊन बसली. म्हणाली, अहो, अंतर दांड्यावरून नाही मोजायचं. बाणाची रेघ पुढेमागे वाढवायची आणि टेकूपासून त्या रेघेवर काटकोनात पट्टी धरायची. तेवढंच अंतर धरायचं. मी म्हटलं, हे तुमच्या शाळेतल्या पोरांसाठी ठीक आहे, आम्ही इंडस्ट्रीतले लोक डायरेक्ट मोजतो. ती पट्टी ठेवून उठली. उगाच बोललो. पण आता माघार घेतली तर काय इज्जत राहील?

२१ मार्च
रिव्हिजन पूर्ण. तिरक्या बाणांची पानं स्टेपल करून टाकली, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही. आत्मविश्वास भरपूर आहे. यार्डातून जाताना क्रेन डोक्यावरून फिरली आणि मी पळालो. लोक हसले. व्यायाम म्हणून पळालो.

२३ मार्च, दुपार
परीक्षा झाली. परीक्षक एक बाई, आवाज एकदम शांत. शांत आवाजाची मला पहिल्यापासून धडकी भरते.

बाईंनी फळ्यावर क्रेन काढली, बूम जवळजवळ उभा, टोकाला लोंबणारं वजन. बुडाशी मोमेंट किती, असं विचारलं. मी वजन गुणिले बूमची लांबी केली. मग त्यांनी तोच बूम पुसून पार खाली झुकवलेला काढला. वजन तेच. आता किती? म्हटलं, तेवढाच, मॅडम. बूमची लांबी कुठे बदलली? बाई म्हणाल्या, म्हणजे उभ्या बूमला झेपलेलं वजन आडव्यालाही झेपेल, तुम्ही सही कराल? म्हटलं, करेन.

त्यांनी खडू खाली ठेवला. खाली हूक कोण लावतं, असं विचारलं. गरुडाचा धाकटा भाऊ, मी म्हणालो. त्यांनी विचारलं, आज तुमच्या याच गणितावर त्याच्या जागी तुम्ही उभे राहाल?

टेबल धरलं. खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं, नाही.

बाई म्हणाल्या, आजचं तुमचं पहिलं बरोबर उत्तर.

२८ मार्च, संध्याकाळ
निकाल लागला. नापास. सुपरवायझर बाहेरून येणार.

गरुडाला मीच जाऊन सांगितलं. त्याला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. मागे त्याचा भाऊ साखळी पुसत होता, शीळ घालत. त्याच्याकडे बघून इतकं हलकं वाटलं की स्टोअरमध्ये येऊन दार लावून घेतलं आणि रडलो. हे कुणाला सांगायचं नाही.

घरी आल्यावर हिच्यासमोर बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं, मला या विषयाची भीती वाटते, पहिल्या दिवसापासून वाटते. माझी कल्पना होती की तिला धक्का बसेल. ती भाजी चिरत राहिली. म्हणाली, ठाऊक आहे, महिनाभर झोपेत गुणाकार करताय, आणि तेही चुकीचे.