पालथा ठेवलेला ब्रेक पॅड

मी, श्यामसुंदर वासुदेव गुप्ते, वय सहासष्ट, सेवानिवृत्त, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत न चुकता पोचलो. कानात काही आवाज येतात का, हे त्यांनी विचारले नाही आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायची मला सवय नाही.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. एकतीस वर्षे मी पेटंटचे अर्ज तपासले. कोणी म्हणतो, मी नवीन वस्तू शोधली. ती खरोखर नवीन आहे की नाही, हे कागदावर ठरवायचे, एवढेच माझे काम. माझ्याकडे गाड्यांचे ब्रेक आणि क्लच होते. गाडीचे चाक मी जन्मात कधी खोललेले नाही, हे इथेच सांगून टाकतो.

कलम १. राहता फ्लॅट मुलगा मिहिर आणि मुलगी दीप्ती यांना समसमान. मिहिर पवईला असतो, दीप्ती बोरिवलीला, आणि दोघांनाही मुलुंड फार लांब पडते हे मला दर रविवारी फोनवर कळते. भांडू नये. भांडायचेच असेल तर फ्लॅट विकून मग भांडावे.

कलम २. बँकेतील ठेवीही तशाच, निम्म्या-निम्म्या. पत्नी कै. माणिक हिचे दागिने दीप्तीला. तिची पितळी पूजेची थाळी मात्र कोणाला देऊ नये, पितळवाल्याला तर नाहीच. तिचे काय करायचे ते कलम ४ वाचल्यावर समजेल.

कलम ३. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव यांना मी काहीही ठेवत नाही. पार्किंगच्या उतारावर गतिरोधक करा, असे मी त्यांना तीनदा लेखी कळवले. तिन्ही अर्ज त्यांनी न वाचता फाइलला लावले. त्या उतारावर गाडी वळली की ब्रेक किंचाळतो आणि तो आवाज थेट माझ्या खिडकीत येतो. दिवसाला साधारण चाळीस वेळा. मी मोजतो. माणिक असताना मोजत नव्हतो, कारण ती बोलत असायची. भाऊरावांवर मी फार चिडलो होतो. न वाचलेल्या अर्जाबद्दल चिडायचा अधिकार आपल्याला नाही, हे नंतर ध्यानात आले आणि मी चौथा अर्ज केला नाही.

कलम ४. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक ब्रेक पॅड आहे. डिस्क ब्रेकचा, तळहाताएवढा, लोखंडी प्लेटीवर काळे लायनर, म्हणजे ब्रेक लावताना चकतीवर घासणारा थर, दाबून बसवलेला. त्याच्याखाली एक पत्र आहे. या दोन वस्तू मी कोणाला देत नाही, कारण त्या माझ्या नाहीत. त्या सहदेव बाबाजी घाडीगावकर, गॅरेज मुलुंड चेकनाक्याजवळ, यांच्या आहेत आणि त्यांना परत करायच्या आहेत. परत मिळालेल्या वस्तूमुळे माणूस लाभार्थी ठरत नाही, हा मुद्दा मी मुद्दाम लिहून ठेवतो.

हकीकत अशी. घाडीगावकरांनी २०१३ साली अर्ज केला होता, स्वतःच, एजंट न लावता. ब्रेक पॅडच्या प्लेटीला नऊ भोके पाडायची, लायनर त्या भोकांत दाबून भरायचे, म्हणजे पावसाळी हवेत मधला गम गंजाने उखडला तरी लायनर प्लेटीला धरून राहते. सोबत आकृती होती. कुठल्याशा झेरॉक्सवाल्याकडून नीटनेटकी काढून घेतलेली, नऊ छान गोल वर्तुळांची. अर्ज माझ्यापर्यंत पोचायला चार वर्षे लागली. मला एक परदेशी दस्तऐवज सापडला, त्यातही भोके पाडलेली प्लेट होती. मी अहवालात लिहिले की सदर रचना या क्षेत्रातील जाणकार माणसाला सहज सुचण्याजोगी आहे. हे वाक्य मी हजारो वेळा लिहिले असेल. तो जाणकार माणूस कोण, कुठे राहतो, त्याचे हात कसे दिसतात, याचा विचार मी कधी केला नव्हता.

उत्तराला सहा महिने असतात. चौथ्या महिन्यात कुरिअरने एक पाकीट आले. त्यात हा पॅड होता आणि तीन पानी पत्र, मराठीत.

आमच्याकडे कागदपत्र इंग्रजीत किंवा हिंदीत चालतात, मराठीत नाही. मुंबईत बसून मुंबईच्या माणसाने मुंबईच्या माणसाला लिहिलेले मराठी पत्र उत्तर म्हणून धरता येत नाही. शालान्त परीक्षेत मराठीत ब्याऐंशी मार्क मिळवलेल्या मी त्या पत्रावर शेरा मारला : भाषा नियमानुसार नाही, नोंद घेऊ नये. इंग्रजीत लिहून पाठवा, एवढे एका ओळीत कळवता आले असते. त्या दिवशी माझ्यापुढे अठरा फाइली होत्या. पत्र खणात गेले. नमुना आम्ही मागितलेला नव्हता, म्हणून त्याचीही नोंद नाही. तो वजनदार होता, तेव्हा कागदांवर ठेवला, प्लेटीची बाजू खाली. सहा महिने उलटले आणि अर्जदाराने अर्ज सोडून दिला असे मानण्यात आले. मानण्यात आले म्हणजे मी मानले.

मग कागदांवर डाग पडू लागले. पावसाळ्यात प्लेट गंजायची आणि खालच्या कागदावर तांबूस ठसा उमटायचा. मी कॅन्टीनच्या माणसावर खेकसलो की चहाचे ग्लास माझ्या टेबलावर ठेवू नकोस. तो बिचारा म्हणाला, "साहेब, हा चहाचा डाग नाय." मी त्याला गप्प केले.

ऑगस्ट २०१९ मध्ये निवृत्त झालो. खण रिकामा करताना ते पत्र हातात आले आणि मी ते पहिल्यांदा वाचले. त्यातला एवढाच भाग इथे उतरवतो :

"भोकं पाडलेली प्लेट आधी होती, तुमची हरकत बरोबर आहे. पण आमची भोकं सरळ नाहीत साहेब, तिरकी आहेत. एक डावीकडे, शेजारचं उजवीकडे, म्हणून लायनर दोन्हीकडून अडकतं. चित्र काढणाऱ्याने गोल काढली, मला ते तेव्हा समजलं नाही. नमुना पाठवतो. कृपया उलटा करून बघावा. २००९ च्या जुलैत माझा भाऊ जयवंत टेम्पो घेऊन पवईच्या उतारावर गेला. लायनर सुटून नुसती प्लेट घासत होती, ती मी माझ्या हाताने काढली. माझी तक्रार नाही. दुसऱ्या कोणाचं सुटू नये, एवढंच."

मी पॅड उलटा केला. नऊ लांबट भोके, एक डावीकडे कललेले, एक उजवीकडे. मग त्याच्याखालचा कागद पाहिला. प्लेट गंजली होती, लायनर भरलेली भोके गंजली नव्हती. त्यामुळे तांबूस ठशात नऊ जागा कोऱ्या राहिल्या होत्या, लांबट, आलटूनपालटून तिरक्या. दोन वर्षे तो पॅड माझ्या टेबलावर रोज आपली खरी आकृती काढून देत होता आणि मी टपालाबरोबर ती खाली पाठवत होतो. मी पॅड आणि पत्र पिशवीत घालून घरी आणले. हेही नियमात बसत नाही.

माणिकला सांगितले, ऑफिसचे आहे. त्या वर्षी खंडेनवमीला तिने थाळीत तो पॅड मांडला आणि हळदकुंकू वाहिले, कारण घरात माझे असे दुसरे हत्यारच नव्हते. मी हात जोडून बसलो. पुढच्या वर्षी मांडताना म्हणाली, "अहो, हे परत करून या. ह्याला कोणीतरी शोधतंय असं वाटतं मला." त्यानंतरचा दसरा तिने पाहिला नाही. तिने मांडलेल्या त्या पॅडच्या गंजाचा ठसा थाळीवर अजून आहे, नऊ कोऱ्या जागांसकट. म्हणून ती थाळीही घाडीगावकरांना दाखवावी, आणि हवी असल्यास ठेवू द्यावी.

मी परत करायला गेलो नाही असे नाही. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात गाडी घेऊन पत्त्यावर गेलो, ब्रेक दाखवायचे निमित्त करून. पॅड सीटखाली होता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस चाकाशी उकिडवा बसला होता. नवीन पॅड बाजूला ठेवून तो आधी काढलेल्या जुन्या प्लेटी तपासत होता. माझे नाव विचारले, धंदा विचारला नाही; अहवालावर सही वरिष्ठांची असते, तेव्हा नावावरून त्याने मला ओळखायचा प्रश्न नव्हता. म्हणाला, "बसा साहेब, चहा घ्या." भिंतीवर जयवंतचा फोटो होता. मी विचारले नसतानाच मालवणीत सांगू लागला, "आमचो जयवंत. पवईच्या उतारार गेलो." आणि मग मराठीवर येऊन, "त्याच्यावरून मी एक डिझाइन केलंय. सरकारात पेटंटला टाकलंय. विचाराधीन आहे."

मी म्हणालो, "अजून?"

"मोठं खातं आहे साहेब. टाइम लागतो ना. माझं पत्र पोचलंय, कुरिअरवाल्याची पावती आहे. कोणीतरी वाचत असेल. न वाचता कसं नाही म्हणतील?"

अर्ज सोडून दिला असे मानल्याची नोंद वेबसाइटवर लागते. ती त्यांनी कधी पाहिली नाही. सहा वर्षे दर तीन महिन्यांनी मी तिथे जातो, चहा पितो, आणि हा माणूस दर वेळी मला सांगतो की विचाराधीन आहे. मी मान डोलावतो. जगात दोघांनाच ते खोटे असल्याचे माहीत होते, त्यातली एक माणिक, आणि तिलाही मी तिच्या शेवटच्या आठवड्यात सांगितले.

अर्ज प्रसिद्ध झालेला असल्याने ती कल्पना आता कोणीही वापरू शकतो. पण प्रसिद्ध झाली आहेत ती गोल भोके. तिरकी भोके फक्त या पत्रात आणि या पॅडवर आहेत. कोठे लायनर सुटल्याने अपघात झाल्याची बातमी दिसली की मी पान उलटतो. किती पाने उलटली ते सांगता येणार नाही.

कलम ५. निळी गाडी मिहिरला. तिचे ब्रेक घाडीगावकरांशिवाय कोणाकडून करून घेऊ नयेत.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांत मिहिरने स्वतः गॅरेजवर जाऊन कलम ४ मोठ्याने वाचून दाखवावे. पाकीट हातात देऊन निघून येऊ नये. त्यांनी चहा विचारल्यास घ्यावा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो खरा आहे, आणि त्याखाली दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

(सही) श्यामसुंदर वासुदेव गुप्ते

साक्षीदार पहिल्या : रत्नप्रभा जयराम काळसेकर, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी. (सही)

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता.

दुसरा साक्षीदार म्हणून मी घाडीगावकरांना बोलावले होते. कारण वर लिहिलेले नाही, ते आता लिहितो. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही. माझी सही होताना पाहिली की पुरे. त्यांनी न वाचता सही करावी आणि मी मेल्यावर सगळे कळावे, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना डोळा द्यावा लागणार नाही, असा माझा हिशेब होता. माणसाने किती हलके असावे याला मर्यादा नाही.

काळसेकरबाई म्हणाल्या, "भाऊजी, सही कुठे ते सांगा," आणि सही करून गेल्या. घाडीगावकरांनी हात रुमालाला पुसले आणि पहिले पान उचलले.

मी म्हणालो, "वाचायची गरज नसते."

"राग नका मानू साहेब. चाक खोलल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. कागद कसा सोडू?"

ते बोट ठेवून वाचत होते. मी समोर बसून होतो. खाली उतारावर ब्रेक अकरा वेळा वाजले. कलम ४ ला त्यांचे बोट थांबले, मग परत पहिल्या ओळीवर गेले, आणि पुन्हा सगळे वाचले. संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला मराठी येत होतं?"

मी म्हणालो, "येत होतं."

त्यांनी टेबलावरचा पॅड उचलला, अंगठा एकेका भोकावरून फिरवला, आणि तो या कागदांवर परत ठेवला, पाठ वर करून. पत्रही घेतले नाही, थाळीकडे पाहिलेही नाही. मी सहीच्या जागेकडे बोट केले. ते चपला घालू लागले.

दारात म्हणाले, "गाडी इतक्यात काढू नका. पुढचे पॅड संपत आलेत. मंगळवारी मीच येऊन घेऊन जातो."

दुसऱ्या सहीशिवाय हे मृत्युपत्र कायद्याने टिकत नाही, हे मला ठाऊक आहे. तसे झाले तर मुलांना कायद्याने सारखेच मिळेल. ती जागा दुसऱ्या कोणाकडून भरून घेऊ नये. मी मंगळवारची वाट पाहीन, आणि त्यानंतरच्या मंगळवारांचीही. त्यांना हवा तेवढा वेळ त्यांनी घ्यावा; मी आठ वर्षे घेतली आहेत.

स्थळ : मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

साक्षीदार दुसरे : सहदेव बाबाजी घाडीगावकर
मजकूर वाचला : होय, दोनदा
सही : विचाराधीन