सर्व्हरमधली पारी

२४ सप्टेंबर

पाच महिने या वहीला हात लावला नाही. माफी असावी. घडलं काही नाही असं नाही – लिहायचं टाळलं.

आज शांतीबाई दारात आल्या. त्यांची बांधी, म्हणजे धानाचं शेत, नहराच्या शेवटच्या टोकाला. धान निसवायला, लोंब्या धरायला आलाय, पाऊस नाही, आणि तलावाच्या पाण्याची त्यांची पारी अजून पंधरा दिवसांनी. "मांगच्या साली मीच आखरी, औंदाही मीच आखरी. काऊन जी मॅडम?" मी म्हटलं, पाणीवाटपाचं ॲप ठरवतं. "अन् ॲपले कोन सांगते?"

मी ठासून सांगितलं – त्यात लपवाछपवी नाही. आम्ही सहा जणांनी फुकट बनवलंय, सगळा कोड नेटवर खुला आहे, कोणीही वाचावा.

"मंग वाचून सांगा ना!" म्हणाल्या आणि गेल्या.

कॉलेजात संगणक शिकवते मी. दोन वर्षांत एकदाही वाचला नाही. गावातल्या शेतकऱ्यांची यादी दिली, मराठी मजकूर लिहिला, झालं.

२५ सप्टेंबर

वाचला. फोनवर दिसणारं सगळं खुलं आहे. पण कोणाची पारी आधी, हे ठरवणारा भाग त्यात नाहीच! तो आमच्या सहातल्या हिमांशुच्या सर्व्हरवर, नागपुरात. फोन फक्त तिथून आलेली यादी दाखवतो.

आणि ॲपच्या पहिल्याच पानावर माझं वाक्य – 'इथे काहीही बंद नाही.'

२६ सप्टेंबर

हिमांशुला फोन केला. "ताई, ॲप तो ओपन है ना? सर्व्हर मी एकटा सांभाळतो." तो भाग उघडा केला तर कोणीही आपल्या सोयीची पारी लावून घेईल, म्हणाला. मी हो हो केलं. वाचता आलं म्हणजे बदलता येतं असं थोडंच आहे – हे फोन ठेवल्यावर सुचलं!

"आपको मुझपे भरोसा नहीं क्या?" असंही म्हणाला. आहे. पण शांतीबाईंनी माझ्या भरोशावर का राहावं?

२७ सप्टेंबर

आमच्या बांधीत पाणी आलं. यादीत तिसरा नंबर. पाहायला गेले नाही.

२८ सप्टेंबर

शालीकरामबाबांकडे गेले. ॲप यायच्या आधी गावाचं पाणी तेच वाटायचे. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्याने यादी वाचायचे. विचारलं, कधी चुकलात का?

"चुकत होतो ना! दहा जन वरडत – ए बुढ्या, थांब! तितंच सुधरत होतो. तुमचा मोबाईल कोनाचं आयकते?"

हसले. चहा झाला. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, असं वाटलं. मी घाईत निघाले.

२९ सप्टेंबर

हिमांशुला आणि बाकी चौघांना लिहिलं, की तो भाग खुला होत नाही तोवर माझं वाक्य काढते. काढलंच. त्या जागी लिहिलं – 'पारी ठरवणारा भाग बंद आहे. तो आम्हीही पाहिलेला नाही.' एकाने कळवलं, बरोबर केलंत.

हे लिहिताना बरं वाटत होतं. दोष दुसऱ्याकडे जात होता म्हणून का?

शांतीबाईंच्या बांधीला भेगा पडल्यात. आज स्वतः पाहिल्या.

३० सप्टेंबर

हिमांशुने फाइल पाठवली. सोबत एक ओळ – "हिसाब बनाना था, रह गया. दिखाने में शरम आ रही थी."

आत काही ठरवणारं नाहीच. दर वर्षी तीच यादी, वरून खाली. मी दिलेली. शालीकरामबाबांच्या वहीतून मी उतरवून घेतलेलं एक पान, एका वर्षाचं.

तशीच बाबांकडे गेले. "ते त एका सालचं होय. दुसऱ्या साली शेपटाकडून सुरू करत होतो. तुनं पुसलंच नाही, सूनबाई."

म्हणजे नहराच्या शेवटच्या टोकाकडून – औंदा पहिली पारी शांतीबाईंची होती.

उद्या – सकाळी पाळीवर उभं राहून यादी मोठ्याने वाचायची, शेपटाकडून. माझी चूक सर्वांत आधी.