रेनियम वाढवलेली गोळी

३ फेब्रुवारी
पुन्हा तेच! मॉलिब्डेनमची नवी गोळी द्रव हीलियमच्या थंडीत उतरवली, तरी विजेचा रोध शून्यावर आलाच नाही. मागच्या गोळीचा येत होता, आणि तिच्यात रेनियम कमी होतं. आता वाढवलंय, म्हणजे मॉलिब्डेनमचा रोध जरा कमी थंडीतही शून्य होऊन ते अतिवाहक व्हायला हवं — निदान नवऱ्याचं गणित तसं सांगतं. धातू वितळवतो तो, मोजते मी. घरी आल्यावर म्हणाला, "तुझं मोजमाप पुन्हा बघ ना." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं!

४ फेब्रुवारी
बैठकीत सरांनी विचारलं, गोळी का बिघडली? मी सगळ्यांदेखत बोलून गेले — "वितळवताना नीट मिसळलं नसेल." त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग वही मिटून ठेवली.
जीभ आवरायला हवी होती. घरचा माणूस तो.

९ फेब्रुवारी
घरात बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दार लाव".

१२ फेब्रुवारी
त्याने भट्टी सोडली! दुसऱ्या विभागात बदली मागितली, सरांनी दिलीही. आणि मला कळलं ते शिपायाकडून. संध्याकाळी सासूबाईंचा फोन — "तुमचं काही बिनसलंय का गं?" छे, कामाचा ताण, म्हटलं. दुसरं काय सांगणार?
त्याच्याशिवाय प्रयोगशाळेत जीव रमत नाही.

१९ फेब्रुवारी
गोळीची रासायनिक तपासणी आली. मिसळलंय छान, रेनियमही हवं तेवढंच. पण लोखंड सापडलं! लोखंडाचा अंशही अतिवाहकतेच्या मुळावर येतो, हे आम्ही नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो.
मग आठवलं. नवं मिश्रण करताना आम्ही जुनी गोळी अर्धी कापतो आणि त्या अर्ध्या भागात रेनियम घालून पुन्हा वितळवतो. कापायची हिऱ्याची चकती त्या दिवशी रिकामी नव्हती, म्हणून मी पोलादी करवतीने कापली. त्यानंतर चिकटलेलं लोखंड काढायला ती आम्लात धुवायची असते. घाईत राहिलं. तशीच त्याच्या हातात दिली.
माती मीच खाल्ली, आणि वर त्यालाच बोल लावला. उद्या सरांना सांगणार. मग त्याला.

२० फेब्रुवारी
सांगितलं. सर म्हणाले, "बरं झालं बोललीस." तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "माहीत आहे. बैठकीआधीच जुन्या गोळीचा उरलेला अर्धा तुकडा बघितला होता. करवतीच्या दातांच्या रेघा होत्या."
"मग तिथेच का नाही बोललास?"
"मला वाटलं, तुलाही माहीत आहे."
म्हणजे मी जाणूनबुजून त्याच्यावर ढकललं, असं समजून तो इतके दिवस माझ्यासमोर बसून जेवत होता!