मुखत्यारपत्र आईंनीच परत घेतलं

अहो,

आईंना घेऊन नोंदणी कार्यालयात जातेय. आईंनी दिलेलं मुखत्यारपत्र वापरून तुमच्या दादांनी आईंच्याच खात्यातून स्वतःच्या दुकानासाठी पैसे उचलले, हे आज वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी मुखत्यारपत्र रद्द करा, दादांना आणि बँकेला लेखी कळवा, मग हिशेब मागा. दिला नाही तर कोर्टात दावा, शिवाय पोलिसांत तक्रारही करता येईल. मला वाटलं, आई रडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलगा माझाच आहे, पण पैसेही माझेच आहेत. नोटीस लिहा."

सून झाल्यापासून त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

जेवण झाकून ठेवलंय. दादांचा फोन आला तर कसलीही रदबदली करू नका. आई म्हणाल्यात, त्याच्याशी मीच बोलणार.