पहिला धूर

प्रिय फिलोमेनताई,

तळं गोठलंय आणि परवाच्या विमानाने टपाल जाणार, म्हणून आज बसलेच. तुझे डोळे कसे आहेत? मोतीबिंदू काढायला दक्षिणेत कधी बोलावतायत? माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतंय. वर्षभर गप्प बसलेली ही बया आज कुठून उगवली, असं तू म्हणशील. सांगते, पण जरा आडवळणाने.

आमच्याकडे जुन्या दुकानाच्या दोन खोल्यांत सरकारी कॉलेज भरतं, हे तुला ठाऊक आहे. साठीत मी तिथेच इंग्रजी अक्षरं गिरवली, हे पत्र त्याच्याच जिवावर. तरी यंदा पानगळीत त्यांनी मूस हरणाचं कातडं कमावायचा कोर्स काढला आणि शिकवायला मला बोलावलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढी वर्षं कुणी विचारलं नाही, आताच कसा पुळका आला? तिथल्या हेदरबाई वागायला गोड आहेत, माझ्यासाठी उशीची खुर्ची ठेवतात, पण सगळं वहीत टिपतात. कातडं भिजवायला मूसचाच मेंदू कालवलेल्या पाण्यात मी बोट घालून म्हटलं, इतकं कोमट हवं, तर त्यांनी लगेच त्यात थर्मामीटर बुडवला. आपल्या औषधी मुळ्या-पाल्यांची नावं लिहून घेणारा तो माणूस आठवतो ना? तो पुन्हा फिरकला का कधी? म्हटलं, आल्फोन्सीन, जपून.

आणि त्यात तुझी नात आली. कोर्स करायला रेलीन तळ्यापलीकडून बोचकं घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगू? हिला ताईने पाठवलंय. आईचं मला मिळालेलं काढून घ्यायला पाठवलंय. वाईट वाटून घे, पण वाटलं ते हेच. लहानपणी सरकारी निवासी शाळेचं विमान मुलं न्यायला आलं तेव्हा बाबांनी मला होडीत घालून जंगलात लपवलं आणि तू त्यांना किनाऱ्यावर सापडलीस. तू नऊ वर्षांनी परत आलीस ती लिहिता-वाचता येणारी, आणि आईशी आपल्या भाषेत धड बोलता न येणारी. आईने कातडं कमावायची सगळी विद्या मला दिली, कारण द्यायला घरात मीच होते. तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त असं तेवढंच एक होतं, ताई. त्याच्यावर मी नागोबासारखी बसले.

पोरगी मात्र गुणी. पहाटे उठून चूल पेटवायची, माझ्या आधी. कोर्सच्या बाकीच्या पाच जणी कातड्यावरचे केस तासून तासून कंटाळल्या आणि शिवणाच्या वर्गाकडे वळल्या. ही एकटी हाडाची तासणी घेऊन दिवसभर कातड्याशी झुंजत राहिली. कातडं मऊ झालं तरच कोर्स पास, आणि पास झाली तरच तुमच्या गावच्या शाळेत कला शिकवायची जागा तिला मिळणार, हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. माहीत असूनही मी एक पायरी गाळली. हेदरबाईंची वही उघडी होती, शेजारी तुझी नात उभी होती, आणि मी बिनदिक्कत म्हटलं, एकदा भिजवलं की झालं, आता नुसतं ताणत राहा.

तिने चार दिवस ताणलं. बोटांना फोड आले. कातडं फळीसारखं कडक झालं. शिवणातल्या पोरी म्हणाल्या, याला पाय लाव, टेबल होईल. रेलीनही हसली. मग घरी येऊन हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "धाकटी आजी, खरं सांग, माझे हातच वाईट आहेत का?"

मी म्हटलं, "प्रत्येकीला जमतंच असं नाही."

दुसऱ्या दिवशी ती विमानात बसली. नंतर हेदरबाई कागद घेऊन आल्या, रेलीनच्या नावापुढे नापास म्हणून माझी सही घ्यायला. जाताना त्यांनी ती वहीही टेबलावर ठेवली. म्हणाल्या, ही पहिल्यापासून तुमच्यासाठीच लिहीत होते, तुमच्याकडेच राहणार. मी सही केली नाही. काय खोटं शिकवलं ते त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी कागद परत घेतला. मग म्हणाल्या, रेलीनला मार्चपर्यंत मुदत आहे, दुसरं कातडं चालेल. ते मी आणून ठेवलंय.

ताई, तुझे डोळे गेल्यापासून तुझी पत्रं कोण वाचून दाखवतं ते मला माहीत आहे. म्हणूनच हे लिहिलंय, कारण तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही. रेलीन, इथे थांबू नकोस, मोठ्याने वाच. तुझ्या हातांत काही वाईट नव्हतं. मी खोटं सांगितलं. पहिल्यांदा वाळलं की कातड्याला दोन्ही बाजूंनी कुजक्या स्प्रूसच्या लाकडाचा हलका धूर द्यायचा, पिवळसर होईपर्यंतच, आणि मग पुन्हा मेंदूच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं. त्याशिवाय ते पाणी आत शिरत नाही. आईने मला हे सांगितलं तेव्हा तुझी आजी त्या शाळेत होती, तिला हे कुणीच कधी सांगितलं नाही. तेव्हा वाचून झालं की तिला पुन्हा एकदा वाचून दाखव, सावकाश, आपल्या भाषेत.

तुम्हा दोघींचीच,
आल्फोन्सीन